आरपार वाऱ्याचं चित्र

वर्शात्स गावात वाऱ्याला कुणी भीत नाही. तिथला कोशावा वारा सुटला की कौलं उडतात, टोप्या शेतं ओलांडून जातात आणि माणसं डोकं खाली घालून, शिव्या देत बाजारहाट उरकतात. बाहेरचा वारा म्हणजे नुसतं हवामान. पण तोच वारा घरात एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघू लागला की त्याच्यावर खुनाचा आळ येतो. समोरासमोरची खिडकी आणि दार एकाच वेळी उघडं ठेवायचं नाही, हे तिथली मुलं चालायच्या आधी शिकतात. मान धरली, दाढ सुजली, मूत्रपिंड बिघडलं, जावई दारू प्यायला लागला, सगळ्याचं कारण एकच. कुठेतरी आरपार वारा लागला.

या विषयातल्या गावच्या अधिकारी व्यक्ती म्हणजे दारिंकाबाई. वय चौऱ्याऐंशी, डोक्याला बारा महिने रुमाल. त्यांचा नवरा फार वर्षांपूर्वी न्हाऊन ओल्या डोक्याने मागच्या खोलीत खिडकी आणि दाराच्या मधोमध बसला, आणि आठवड्याभरात गेला. तेव्हापासून त्या घरात खिडकी उघडली की दार लागायचं आणि दार उघडलं की खिडकी. कडी निघाल्याचा आवाज दारिंकाबाईंना अंगणाच्या पलीकडूनही ऐकू यायचा.

त्यांची सून स्मिल्याना. औषधांच्या दुकानात नोकरी करून निवृत्त झालेली, शांत, थोडी घुमी बाई. तिला जलरंगांचा नाद होता. उन्हातली खोली आणि खोलीत फुलं, एवढं एकच चित्र ती लग्न झाल्यापासून काढत होती, आणि ते लग्न झाल्यापासून बिघडत होतं. बिघडणारच. बंद खोलीत कागद वाळायचा नाही. पिवळा हिरव्यात जायचा, हिरवा तांबड्यात, आणि गुलाबांचा रंग टेबलावरून ओघळून खुर्चीत जाऊन बसायचा. फुलं वाफवून काढल्यासारखी दिसायची. नातेवाईक चित्रं तोंड भरून कौतुक करून घेऊन जात आणि न्हाणीघरात लावत. स्मिल्यानाला हे ठाऊक होतं, कारण कुणाच्याही घरी गेलं तरी न्हाणीघरात जायची वेळ कधी ना कधी येतेच.

मे महिन्यात दारिंकाबाईंचे गुडघे अडले आणि डॉक्टरांनी त्यांना दोन आठवडे गरम झऱ्यांवर धाडलं. त्यांना ते झरे मुळीच आवडत नसत. पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि शेजारच्या हौदातल्या बायका आपली दुखणी फार वाढवून सांगतात, अशी त्यांची तक्रार होती. तरी गेल्या. बस सुटतानाही काचेआडून त्या स्मिल्यानाला कडी घालायच्या खुणा करत होत्या.

त्यानंतरच्या एका दुपारी नवरा, तिहोमिर, कालव्यावर मासे धरायला गेला होता. स्मिल्यानाने अंगणातली बोझुरची पांढरी फुलं कापली, मुठीएवढी, गच्च पाकळ्यांची, आणि दुधाच्या निळ्या किटलीत घालून मागच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली. खिडकी उघडली. रस्त्याकडचं पिवळं ऊन आत आलं आणि टेबलापाशी थांबलं. मग तिचा हात अंगणाच्या दाराकडे गेला. तिने तो मागे घेतला. तो पुन्हा गेला, आणि कडी निघाली.

अक्रोडाखालचा हिरवा उजेड आत आला आणि फुलांवर त्या पिवळ्याला भेटला. पडदा पोट फुगवून खोलीभर फिरला. एक पाकळी गळून फरशीवर घसरत गेली. स्मिल्याना चटकन कागदाशी बसली. वाऱ्याने कागद भराभर वाळत होता आणि प्रत्येक रंग जन्मात पहिल्यांदा जिथल्या तिथे राहत होता. फुलं तिने काढलीच नाहीत. फुलांच्या भोवतीचं सगळं काढलं आणि फुलांपुरता कोरा कागद सोडला. फरशीवरचा उन्हाचा पट्टाही कोरा सोडला, उघड्या दाराची चौकटही जवळजवळ कोरीच. ऊन उतरल्यावर तिने ब्रश धुतला, चित्राकडे पाहिलं आणि ती रडली, कारण ते चांगलं झालं होतं. त्या दुपारी ती इतकी सुखात होती की तिला जरा लाजच वाटली.

चित्र तिने चादरींच्या खाली ठेवलं होतं. पण तिहोमिरला ते सापडलं, आणि त्या भल्या माणसाने त्याला काच-चौकट करून थेट बैठकीच्या खोलीत लावलं. "हे न्हाणीघरातलं नव्हे," तो म्हणाला. लग्नाच्या चौतीस वर्षांत त्याने केलेलं हे सर्वांत मोठं कौतुक होतं, त्यामुळे स्मिल्यानाच्याने 'काढ' म्हणवेना. झऱ्यांवरून परतलेल्या दारिंकाबाईंनी लांबूनच बघून, "दूध उतू गेलंय वाटतं," एवढंच म्हटलं. त्यांची नजर अधू होती.

जूनच्या सुरुवातीला घरच्या कुलसंतांचा सण आला. बैठकीची खोली पाहुण्यांनी भरली. बाहेर उन्हाळा, आत भाजलेलं डुक्कर, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, राकिया दारूच्या बाटल्या आणि घट्ट बंद खिडक्या. पुरुषांच्या कॉलरी भिजल्या, बायकांच्या पावडरी उतरल्या, पण कुणी हूं का चूं केलं नाही. टेबलाच्या मधोमध सणाची उंच मेणबत्ती जळत होती. ती दिवसभर जळायची असते आणि शेवटी यजमानाने वाइनचे थेंब टाकून विझवायची असते. आपणहून विझली तर त्या घराचं काही खरं नाही.

पहिली बोलली ती वुकोसावा, तिहोमिरची बहीण. नणंद असल्यामुळे तिला स्मिल्यानाच्या घरात नेहमीच काही ना काही लागायचं.

"कुणीतरी काहीतरी उघडलंय," ती मान धरून म्हणाली.

"कुठे काय उघडलंय? सगळं बंद आहे," तिहोमिर म्हणाला.

"मग माझी मान काय उगाच धरली? इथून येतोय, या बाजूने. थंडगार!"

तेवढ्यात मेणबत्तीची ज्योत आडवी झाली, दोनदा फडफडली आणि विझली. डुक्कर चावणाऱ्यांनीही तोंड थांबवलं.

दारिंकाबाई उठल्या. त्यांनी एकेक खिडकी स्वतः चाचपली. सगळ्या बंद. दाराखालच्या फटीत सतरंजी कोंबलेली. शेवटी त्यांनी शेजारच्या ओस्तोयाला हाक मारली. ओस्तोया जनावरांचा निवृत्त डॉक्टर. माणसांच्या डॉक्टरांपेक्षा गावाचा त्याच्यावर जास्त विश्वास होता, कारण त्याच्या एकाही रोग्याने आजवर तक्रार केली नव्हती. त्याने बोट चाटून हवेत धरलं आणि बोटामागून चालत चालत खोली ओलांडली. बोट भिंतीवरच्या चित्रापाशी थांबलं.

"इथून," ओस्तोया म्हणाला.

"चित्रातून?" तिहोमिर म्हणाला.

"मी फक्त बोट काय सांगतं ते सांगतोय." त्याने चष्मा चढवला. "हं. खिडकी उघडी आहे." मग तो आणखी वाकला, आणि त्याचा आवाज उतरला. "आणि मावशी... दारही."

दोन बायकांनी डोक्यावर जाकिटं घेतली. दारिंकाबाई चित्राला नाक लावून उभ्या राहिल्या.

"ही आपली मागची खोली," त्या सावकाश म्हणाल्या. "ही माझी किटली. हे बोझुर. बोझुर फुलतं मे महिन्यात. मे महिन्यात मी कुठे होते?"

त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं.

"मी सडक्या अंड्यात बसले होते! आणि इथे माझ्या मागे दोन्हीकडून उघडं टाकून ही बाई फुलं काढत होती!"

"एकच दुपार, आई," स्मिल्याना म्हणाली.

"एक दुपार पुरते! माझ्या नवऱ्याला एक दुपारच पुरली!"

सणाचा विचका झाला तो झालाच. चित्र लगेच भिंतीकडे तोंड करून लावण्यात आलं. दुसऱ्या दिवशी ओस्तोया पुन्हा आला, या वेळी शेजारी म्हणून. त्याचं घर त्याच भिंतीपलीकडे होतं आणि त्याच्या बायकोची दाढ भोपळ्याएवढी सुजली होती. मग चित्र कपाटात कोंबलं. कपाटातले हिवाळी कोट झुलू लागले आणि दार आपणहून उघडून एकेक बाही बाहेर येऊ लागली. वुकोसावा मानेला लोकरी मफलर गुंडाळून रोज खबर घ्यायला येत होती. मान तिची एका बाजूला वळली होती ती तशीच होती, त्यामुळे ती सगळ्यांशी वाकड्यातच बोलत होती. पण ते तसं नवं नव्हतं.

"जाळून टाका," ती म्हणाली.

"आरपार वारा असताना आग लावायची?" ओस्तोया म्हणाला. "अख्खी आळी जाईल."

हे सगळ्यांना पटलं. मग असं ठरलं की ज्याने उघडलं त्यानेच बंद करावं. स्मिल्यानाने ब्रश घेऊन चित्रातलं दार तरी लावावं, नाहीतर खिडकी तरी. दोन्हीतलं एक पुरे.

स्मिल्यानाला ब्रह्मांड आठवलं. तिने पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं, "अहो, जलरंगात पांढरं म्हणजे कागद. झाकला की गेला. दार लावलं तर हिरवा उजेड जाईल, खिडकी लावली तर ऊन जाईल. मग फुलांवर काय पडणार? एकदा गेलेलं ऊन मला परत आणता येत नाही."

"मग बाहेरून आण. बाहेर ढीगभर पडलंय," वुकोसावा म्हणाली.

"अगं, जन्मभरात माझ्याकडून एवढं एकच चांगलं चित्र झालंय."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की तिहोमिरचा जीव कळवळला. तो डोकं खाजवून म्हणाला, "दार लावायलाच हवं असं कुठे आहे? दारात कुणाला तरी उभं करा. माणूस आडवा आला की वारा अडतो. माणूस काढता येईल ना?"

येणार होता. उजेडावर गडद रंग चढतो, तेवढं जलरंगात चालतं. दारात एक जाडजूड माणूस उभा केला तर उजेड अर्धा जाईल, पण अर्धा राहील. सगळ्यांनी तिहोमिरकडे पाहिलं. तो जाडजूड होता.

"मी?" तिहोमिर दोन पावलं मागे सरला. "कायमचं आरपार वाऱ्यात उभं राहायचं? माझं मूत्रपिंड?"

वुकोसावाने मानेकडे बोट दाखवलं. ओस्तोया म्हणाला की आपलं चित्र फार खराब येतं. ओस्तोयाच्या बायकोला विचारायला माणूस पाठवला तर तिने सुजलेल्या गालाने शिवी दिली. एक मेलेला आतेभाऊ सुचवण्यात आला, पण मेलेल्याला पुन्हा थंडी वाजवणं बरं दिसणार नव्हतं.

"मला घाला," दारिंकाबाई म्हणाल्या.

सगळी तोंडं त्यांच्याकडे वळली.

"चौऱ्याऐंशी झाली. लागून लागून काय लागणार? आणि या घरातलं दार मीच अडवत आलेय. आता तेवढ्यासाठी दुसरीकडून कोण आणता?"

तिहोमिरच्या डोळ्यांत पाणी आलं. वुकोसावाने वाकड्या मानेने आईचा हात धरला. फक्त स्मिल्याना जागची हलली नाही. तिच्या जन्मात एक दुपार सासूबाईंशिवाय आली होती. त्या दुपारच्या ऐन दारात आता सासूबाई उभ्या राहणार होत्या, आणि कागद टिकेल तोवर हलणार नव्हत्या. पण हे सांगणार कुणाला? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तिने रंगांची पेटी काढली.

सावली बरोबर पडावी म्हणून खऱ्या खोलीत, खऱ्या दारात, दुपारच्याच उन्हात उभं राहणं भाग होतं. म्हणजे खरी खिडकी उघडायची आणि खरं दारही. हे ऐकल्याबरोबर बाकीची मंडळी घराबाहेर पडली आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. तिहोमिर जाताना आईच्या पाया पडायचा तेवढा राहिला होता.

"कुठे उभी राहू?" दारिंकाबाईंनी विचारलं.

"उंबऱ्यात, आई."

त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे गच्च मिटले. स्मिल्यानाने खिडकी उघडली. वारा आला, टेबलावरून गेला, दारिंकाबाईंच्या काळ्या झग्यात शिरला आणि त्यांच्या डोक्यावरचा रुमाल सोडवून अंगणात घेऊन गेला. स्मिल्यानाने सासूचे केस इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिले. विरळ होते, आणि उडत होते. दारिंकाबाईंनी डोकं झाकलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी एक डोळा उघडला.

"असा असतो होय," त्या म्हणाल्या. "विसरलेच होते."

"थंडी वाजतेय का?"

"नाही गं. काखेत बरं वाटतंय."

त्यांनी हात जरासे बाजूला केले. स्मिल्यानाने ब्रश काळपट तपकिरी रंगात भिजवला आणि कागदावरच्या कोऱ्या दारावर धरला. टोकाशी थेंब जमत होता.

"तो तंबाखू ओढायचा," दारिंकाबाई अंगणाकडे बघत म्हणाल्या. "तुझा सासरा. धुराड्यासारखा. डॉक्टर आधीच म्हणाले होते, छाती गेलीय म्हणून. मला माहीत होतं."

"मग वारा कशाला म्हणत होतात, आई?"

"मेलेल्या माणसावर किती दिवस चिडणार? वाऱ्यावर चिडता येतं. तो रोज येतो."

स्मिल्यानाने थेंब फडक्यावर टिपला आणि ब्रश पुन्हा भिजवला.

"चांगली होती का ती दुपार?" दारिंकाबाईंनी विचारलं.

"कुठली?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. चित्रातली."

"हो, आई. फार चांगली होती. तशी दुसरी मला आठवत नाही."

"वाऱ्यामुळे?"

इथे 'हो' म्हणून सुटता आलं असतं. स्मिल्यानाने ब्रश खाली घेतला.

"वाऱ्यामुळे," ती म्हणाली. "आणि तुम्ही नव्हतात म्हणून."

दारिंकाबाईंनी उडणारे केस कानामागे सारले. वारा येत राहिला. रस्त्यापलीकडून तिहोमिर ओरडला, "आई! जिवंत आहेस ना?"

"गप रे!" त्या ओरडल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मग तिथे मला कशाला घालतेस?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी म्हटलं की लगेच ऐकायचं? इतकी वर्षं ऐकलंस, काय मिळालं? न्हाणीघरं. ब्रश धू."

स्मिल्यानाने ब्रश धुतला. पेल्यातलं पाणी तपकिरी झालं. दारिंकाबाई मात्र उंबऱ्यातून हलल्या नाहीत. चित्र काढायचं राहिलं नव्हतं, तरी त्या तशाच हात जरा बाजूला धरून उभ्या राहिल्या, ऊन टेबलावरून खाली उतरेपर्यंत. मग त्यांनी अंगणातून रुमाल उचलून आणला, डोक्याला घट्ट बांधला, दार लावून कडी घातली आणि रस्त्याकडे तोंड करून सगळ्यांना आत बोलावलं.

"या. बंद केलंय."

मंडळी बिचकत आत आली आणि चित्रासमोर उभी राहिली. चित्रात दार सताड उघडं होतं. पडदा फुगलेला होता. तिहोमिरच्या कपाळावरचे केस मागे उडत होते.

"आई, दार तर..."

"दार काय? माझ्या हाताने लावलंय. दिसत नसेल तर चष्मा बदल."

तिहोमिरने चित्राकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "हां," तो म्हणाला. "लागलंय खरं." ओस्तोयाने बोट चाटून धरलं. बोट एका बाजूने भराभर सुकत होतं. त्याने दारिंकाबाईंकडे पाहिलं, बोट खिशात घातलं आणि म्हणाला, "पडला वारा." वुकोसावाने मफलर सोडला, मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली आणि तिला ती सरळ झाल्याचं आढळलं. भिंतीपलीकडे ओस्तोयाच्या बायकोला त्याच क्षणी भूक लागली. चित्र बैठकीच्या खोलीत परत गेलं. त्याच्यासमोर बसून सगळ्यांनी कॉफी घेतली, आणि बंद खोलीतसुद्धा आज कसं हलकं वाटतंय, असं दोघा-तिघांनी बोलून दाखवलं.

स्मिल्याना कप गोळा करून स्वयंपाकघरात गेली. तिच्या मागोमाग दारिंकाबाई आल्या आणि उगाचच चमचे पुसू लागल्या.

"बोझुर तर संपलं," त्या म्हणाल्या. "आता अंगणात पुढची फुलं कुठली?"

"डेलिया. ऑगस्टमध्ये येतील."

"मग ऑगस्टमध्ये मी झऱ्यांवर जाते. तीन आठवडे."

स्मिल्याना वळली. "पुन्हा दुखायला लागले का गुडघे, आई?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय," दारिंकाबाई म्हणाल्या आणि पुढचा चमचा उचलला.